बारा यंत्रांची पायपेटी

गाता न येणारा माणूस वेल्समध्ये जन्माला येऊच शकत नाही, असं आमच्या खोऱ्यात मानतात. मी आलो. माझ्या आईनं हे बरीच वर्षं शेजारपाजाऱ्यांपासून लपवून ठेवलं होतं. पण चॅपेलच्या मुलांच्या गायनात टेग्वेनबाईंनी मला पहिल्याच ओळीला धरलं. ऑर्गन थांबवून त्या माझ्याजवळ आल्या, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "इद्वल बाळा, तू नुसते ओठ हलव. देवाला कळतं."

तेव्हापासून मी इमानेइतबारे ओठ हलवतो आहे. आता माझ्या मिशा पिकल्या. टेग्वेनबाई अजून ऑर्गनवर आहेत आणि मी अजून शेवटच्या बाकावर, भिंतीकडच्या कोपऱ्यात.

पण म्हणून गाण्यावरची माझी भक्ती काही कमी झाली नाही. आमचे पाळकसाहेब प्रवचनाला उभे राहतात ते अगदी किराणा दुकानदार बोलतो तसं साधं बोलत. पूर्वरंग सगळा असा जमिनीवरून चालतो. मग एखादं वाक्य जरा लांबतं, पुढचं त्याहून लांबतं, आणि बघता बघता आवाज बोलण्यातून निघून गाण्यात शिरतो. शिडात वारा भरावा तसा. उत्तररंग संपेपर्यंत पहिल्या बाकावरच्या म्हाताऱ्यांचे रुमाल ओले झालेले असतात, आणि मी मागे बसून ओठ हलवत असतो, जरी तेव्हा कुणी गात नसलं तरी. सवय.

हे सगळं आधी सांगायचं कारण एवढंच, की मी पोटासाठी कॉम्प्युटर शिकवतो. एरवी या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध येऊ नये.

झालं असं, की आमच्या कॉलेजनं कॉम्प्युटरची प्रयोगशाळा बंद करून त्या खोलीत कुत्र्यांचे केस कापायचा अभ्यासक्रम सुरू केला. त्याबद्दल मला कटुता नाही. कुत्र्यांची बाहेर रांग लागते; माझ्या संध्याकाळच्या वर्गाला मोजून सहा माणसं. मला सांगण्यात आलं की वर्ग चालवायचा तर गावागावांतून फिरून चालवा. दर मंगळवारी मला आमच्याच चॅपेलच्या मागची खोली मिळाली. खोली मिळाली, कॉम्प्युटर मात्र मिळाले नाहीत.

तशात जिल्ह्याच्या प्रौढशिक्षण खात्यातून मिसेस प्रॉसरांचा फोन आला. त्यांचा आवाज इस्त्री केलेला असतो. "सत्र संपायच्या आत येऊन बघणार आहे. कॉम्प्युटरच्या वर्गात कॉम्प्युटर दिसले तर वर्ग राहील. नाही दिसले तर बंद."

वर्ग बंद झाला असता तर माझं फारसं बिघडलं नसतं. बिघडलं असतं एल्वेडचं. एल्वेड माझा भिंतीला भिंत लागून शेजारी. पत्र्याचा कारखाना बंद पडल्यावर त्याला घरी बसावं लागलं. मग पन्नाशीत तो माझ्या वर्गाला येऊ लागला, आणि लोखंडाला हात लावणारा माणूस ज्या धिटाईनं शिकतो त्या धिटाईनं शिकला. जिल्ह्याच्या दवाखान्यात यंत्रं सांभाळायची जागा त्याला कबूल झाली होती, फक्त परीक्षेचं प्रमाणपत्र हवं होतं. आणि वर्गात नाव असल्याशिवाय परीक्षेला बसता येत नव्हतं. त्याची बायको रोज कुंपणावरून मला विचारायची, "वर्ग आहे ना?" ती एवढंच विचारायची, पण त्यानं माझा चहा कडू व्हायचा.

तेव्हा मी ठरवलं, की एकच यंत्र बांधायचं, हातानं उचलून नेता येईल असं, स्वस्तातलं, आणि त्याच्या पोटात बारा यंत्रं बसवायची.

"पोटात म्हणजे?" माझ्या बायकोनं, नेरिसनं विचारलं.

"म्हणजे खरं यंत्र एकच. आतली बारा आभासी. पण प्रत्येकाला वाटतं आपण स्वतंत्र आहोत. पोरांनी एक बिघडवलं तरी बाकीच्यांना पत्ता लागत नाही. शिवाय बिघडलेलं होतं तसं परत उभं करता येतं."

"एकाच घरात बारा जण, आणि एक बिघडला तरी बाकीच्यांना पत्ता नाही," नेरिस म्हणाली. "तुझ्या माहेरासारखं." माझ्या घराला ती रागावली की माझं माहेर म्हणते.

बाराच म्हटल्यावर नावांचा प्रश्न राहिला नाही. मी त्यांना प्रभूच्या बारा शिष्यांची नावं दिली. यात पुढे असा अनुभव आला, की नावाचा गुण लागतो. संशयी थोमा पासवर्ड दिला तरी विश्वास ठेवेना. प्रभूची ओळख तीनदा नाकारणाऱ्या पेत्रानं जाळ्यातल्या दुसऱ्या यंत्राचीही तीनदा नाकारली आणि मग निमूट जोडला गेला. मुद्दाम बिघडवून दाखवायला मी अर्थात प्रभूचा घात करणाऱ्या यहूदाला ठेवलं. पाळकसाहेबांच्या कानावर हे गेलं तेव्हा ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "इद्वल, तू यहूदाला दर मंगळवारी पुन्हा चांगला करतोस म्हणे?"

"हो साहेब. बटण दाबलं की होतो."

"तुझं बरं आहे," ते म्हणाले.

यंत्र मी एका बंद होणाऱ्या वकिलाच्या कचेरीतून आणलं. ते इतकं तापायचं की नेरिसनं त्यावर पाव भाजून घेतला. "पंखा हवा," एल्वेड म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी रग्बी क्लबच्या पुरुषांच्या मुतारीतला हात सुकवायचा जुना पंखा घेऊन आला. क्लबनं तो काढून टाकला होता, असं तो म्हणाला. मी जास्त चौकशी केली नाही. यंत्र जितकं तापेल तितका पंखा जोरात फिरेल अशी जोडणी एल्वेडनंच केली. बारा शिष्य एकदम कामाला लागले की त्या पंख्यापुढे हातातली टोपी टिकत नसे.

राहता राहिली पेटी. इथे सगळ्या गल्लीला सल्ल्याची उबळ आली. कोणी म्हणालं प्रवासाची बॅग घे, कोणी म्हणालं मेंढ्यांच्या चाऱ्याचा डबा घे. एल्वेड शर्यतीची कबुतरं पाळतो. तो म्हणाला, "हे बघ, हवा खेळती पाहिजे ना? मग वेताची कबुतरांची टोपली घे. आठ पक्षी आत बसून डोंगरापार जातात आणि एकही गुदमरत नाही. तुझे तर बाराही नसलेलेच आहेत."

मला ते पटलं, यावरून मी किती थकलो होतो ते कळावं. टोपलीत यंत्र सुरेख बसलं. सुरू केलं मात्र, पंख्यानं वेतातली वर्षानुवर्षांची पिसं ओढून घेतली आणि मागच्या बाजूनं स्वयंपाकघरात बर्फ पडू लागला. नेरिस तेव्हा तव्यावर वेल्श केक भाजत होती. तशात एल्वेडचं एक नामांकित कबुतर शर्यतीहून परतलं ते त्याच्या घरी न जाता आमच्या खिडकीतून येऊन आपल्या टोपलीवर बसलं. शर्यतीचं घड्याळ एल्वेडच्या घरी चालू होतं, आणि कबुतर तिथे पोचेपर्यंत थांबणार नव्हतं. तो कुंपणावरून ओरडत होता, मी कबुतराला समजावत होतो, आणि नेरिस हातात उलथनं घेऊन आम्हा तिघांनाही एकाच नजरेनं बघत होती.

कबुतर शर्यत हरलं. पिसं उडाल्यावर नेरिस माळ्यावर गेली आणि एक धुळीनं माखलेली पायपेटी घेऊन खाली आली.

तिचे पणजोबा फिरते प्रवचनकार होते. डोंगरावरच्या वस्त्यांमध्ये चॅपेल नव्हतं तेव्हा ही घडीची पायपेटी पाठीला बांधून ते जायचे. अंगणात पाय उघडून मांडायची, भाता पायानं दाबायचा, वाजवायची, आणि प्रवचन करता करता गायला लागायचं. त्यांचं ऐकून म्हणे गाई दूध द्यायचं थांबवून ऐकत. भाता उंदरांनी खाल्ला होता, पण स्वरांच्या पितळी जिभा शाबूत होत्या, आणि मधल्या तीन पट्ट्या दमटपणानं फुगून कायमच्या खाली दबलेल्या होत्या.

"भात्याच्या जागी तुझं यंत्र बसव," ती म्हणाली. "पण एक पट्टी काढायची नाही. एक जीभ हलवायची नाही. पणजोबा बघतायत."

पणजोबांना मी शब्द दिला. यंत्र भात्याच्या जागी असं बसलं, जसं काही त्यांनी माप घेऊनच भाता करवला होता. मूठ धरून उचलावी, चालू पडावं. भेगा मी कातड्यानं आणि डिंकानं हवाबंद केल्या. वारा बाहेर पडायला आता एकच वाट उरली होती, आणि ती पणजोबांच्या पितळी जिभांमधून होती, हे माझ्या ध्यानात आलं नाही. मी पदवीधर आहे.

पहिले चार शिष्य उठले तेव्हा पेटी नुसती सुस्कारली. आठ उठले तेव्हा कण्हली. बारावा यहूदा उठला, पंखा पूर्ण भरात आला, आणि दबलेल्या तिन्ही पट्ट्या एकदम बोलल्या. षड्ज, गंधार, पंचम. असा गोड, भरलेला, लांबच लांब सूर, की नेरिस हातातलं काम टाकून दारात आली आणि तिनं नकळत वरचा आवाज लावला. शेजारून भिंतीपलीकडून एल्वेडनं खालचा लावला.

मी ओठ हलवले.

आता यापुढची अडचण सरकारी. जिल्ह्याच्या कोणत्याही खोलीत भिंतीत कुठलीही वीजवस्तू खुपसायची तर तिच्यावर तपासणीची हिरवी चिकटपट्टी लागते. ही पट्टी कॉलेजचे देखभालवाले हॉपकिन देतात. हॉपकिन सहसा देत नाहीत. त्यांच्या हाताखालून केटलीसुद्धा घाबरून जाते.

"हे काय आहे?" त्यांनी पेटीभोवती प्रदक्षिणा घातली.

"कॉम्प्युटर."

"घरी बांधलेला?"

"हो."

"मग तो कॉम्प्युटर विभागाकडे जाईल. ते घरी बांधलेला घेत नाहीत. घेतलाच तर वर्षभर ठेवतात आणि मग घेत नाहीत." त्यांनी वाकून पट्ट्या पाहिल्या. "पण ही तर पेटी आहे. वाजते का?"

माझ्यासमोर एल्वेडच्या बायकोचा चेहरा उभा राहिला. मी बटण दाबलं. शिष्य उठले. पेटी वाजली. हॉपकिन चॅपेलात दुसऱ्या बाकावर खर्जात गातात, त्यांनी डोळे मिटून तो सूर ऐकला, एक ओळ गुणगुणले आणि म्हणाले, "हे वाद्य आहे." हिरवी पट्टी चिकटली. "पण लक्षात ठेवा, वाद्य म्हणूनच वापरायचं. दुसरं काही करताना दिसलं तर पट्टी ओरबाडून काढीन."

मी खोटं बोललो नव्हतो. पेटी खरंच वाजत होती. पण चॅपेलला जाणाऱ्या माणसाला असल्या खऱ्यानं झोप येत नाही, आणि मला आली नाही.

आठवडाभरानं दारावर टेग्वेनबाई उभ्या. त्यांच्या हातात छत्री होती आणि बाहेर ऊन होतं. हे लक्षण वाईट.

"इद्वल, कॉलेजकडे नवी पायपेटी नोंदली गेली आहे. हॉपकिननं सांगितलं. हिरवी पट्टी लागलेलं, म्हणजे कागदोपत्री जिल्ह्याचं, कुठलंही वाद्य कुठल्याही चॅपेलच्या गायनमंडळाला मागता येतं. आपल्या ऑर्गनला किड्यांनी पोखरलंय आणि महिन्यावर मोठा गायनमेळा आलाय. सात चॅपेलं येणार. मला ती पेटी हवी."

"बाई, ती पेटी तशी नाही."

"म्हणजे वाद्य नाही?"

वाद्य नाही म्हणावं तर हिरवी पट्टी जाते. आहे म्हणावं तर पेटी जाते. अशा वेळी देवापासून पळणाऱ्या योनाला पोटात घ्यायला निदान देवमासा तरी मिळाला होता.

"वाद्य आहे," मी म्हणालो, "पण मंगळवारी माझा वर्ग असतो."

"मग मंगळवारी आम्हीच येऊ. एका खोलीत एक वर्ग आणि एक गायनमंडळ मावत नसेल तर देवानं खोल्या कशाला केल्या?"

आणि अर्थातच मिसेस प्रॉसरांनी यायला निवडला तो हाच मंगळवार.

त्या संध्याकाळी चॅपेलच्या मागच्या खोलीत मी जे पाहिलं ते असं. एका बाजूला माझे सहा विद्यार्थी, आपापल्या घरून आणलेले कॉम्प्युटरचे जुने पडदे आणि कळफलक मांडून, पेटीला तारांनी जोडलेले. दुसऱ्या बाजूला चाळीस माणसांचं गायनमंडळ, खोकून तयार. दारापाशी हॉपकिन, वाद्य वाद्यासारखं वापरलं जातंय ना हे बघायला. आणि मधोमध खुर्चीवर मिसेस प्रॉसर, कॉम्प्युटर कॉम्प्युटरसारखा वापरला जातोय ना हे बघायला. नेरिस चहाचे कप मांडत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि सगळ्यात मोठा कप बाजूला काढून ठेवला.

"इथे प्रार्थनासभा आहे का?" मिसेस प्रॉसर म्हणाल्या.

"नाही. म्हणजे थोडीशी." मी घसा साफ केला. "आता एका यंत्राच्या पोटातली बारा यंत्रं उठतील."

"वाद्याच्या," हॉपकिन दारातून म्हणाले.

"वाद्याच्या पोटातली," मी म्हणालो.

एल्वेडनं पेत्राला उठवलं, मग अंद्रियाला. पेटी सुस्कारली. मंडळ सावरून बसलं. सहा, आठ, दहा. पेटी कण्हली. टेग्वेनबाईंनी हात वर केला. बारा. तिन्ही स्वर भरून आले, आणि जगाच्या पाठीवर कुठल्याही जमावानं जी चूक केली नसती ती आमच्या लोकांनी केली. कुणी न सांगता चाळीसच्या चाळीस माणसं उभी राहिली आणि चार आवाजांत गाऊ लागली. वेल्श माणसाला तुम्ही शिव्या द्या, तो बसून ऐकेल. पण सूर दिलात तर त्याला बसता येत नाही.

मिसेस प्रॉसर माझ्याकडे वळून काहीतरी म्हणाल्या. ओठांवरून वाचलं, कारण त्या विद्येत मला कोणी हरवणार नाही: "कॉम्प्युटर कुठाय?"

मी एल्वेडला खूण केली: यहूदा. ठरल्याप्रमाणे त्यानं यहूदाला बिघडवलं. पण घाईत त्याचा हात चुकला आणि यहूदानं जाताना आणखी पाच जणांना बरोबर नेलं. यंत्र निवलं. पंखा मंदावला. सूर विरत गेला, आणि आधार सुटलेलं चाळीस जणांचं गाणं उतारावरच्या गाडीसारखं खाली घसरू लागलं.

"इद्वल!" टेग्वेनबाई गाता गाताच ओरडल्या. "सूर!"

हॉपकिनचा हात हिरव्या पट्टीकडे निघाला. मिसेस प्रॉसरांनी पर्स मिटली. त्या पर्सच्या आवाजात मी वर्ग बंद झालेला ऐकला.

पण एल्वेड कारखान्यातला माणूस. भट्टी विझताना त्यानं पाहिलेली आहे. "मत्तय कोण घेतो?" तो गरजला. "मेरेडिथ, तू याकोब! दोन्ही याकोब! फिलिप्प मी बघतो! पंखा पडू देऊ नका रे!" सहाच्या सहा जण कळफलकांवर तुटून पडले. शिकवताना मी जे महिनाभर समजावून थकलो होतो, बिघडलेलं यंत्र जुन्या अवस्थेतून परत कसं उभं करायचं, कुणाला किती काम द्यायचं, एकाचं ओझं दुसऱ्यावर कसं टाकायचं, ते सगळं त्यांनी गाता गाता केलं. हो, गाता गाता. कारण तेही वेल्शच. मिसेस प्रॉसर खुर्चीवरून उठल्या आणि एल्वेडच्या पाठीमागे जाऊन पडद्याकडे बघू लागल्या. एकेक शिष्य परत उठत होता तसा सूर भरत होता, तसं गाणं घसरणीवर थांबलं, सावरलं, वर चढलं. सगळ्यात शेवटी यहूदा उभा राहिला. पेटी पूर्ण भरात बोलली, आणि शेवटचं कडवं छपराच्या पत्र्याला लागून परत आलं.

दारात पाळकसाहेब केव्हा येऊन उभे राहिले होते कुणास ठाऊक. त्यांचा रुमाल बाहेर होता.

मिसेस प्रॉसर नाक पुसून म्हणाल्या, "खरं सांगते, मी वर्ग बंद करायलाच आले होते. कॉम्प्युटरच्या वर्गांचं अनुदान संपलंय. कुत्र्यांनी खाल्लं." इस्त्री जरा मोडली होती. "पण हे वाद्य म्हणून नोंदलेलं आहे ना?"

"आहे!" हॉपकिन म्हणाले.

"समूहगायनाच्या वर्गाचं अनुदान आमच्याकडे दरवर्षी तसंच पडून राहतं. या जिल्ह्यात गाणं शिकायला वर्गाला जातो कोण? तेव्हा तुमचा वर्ग त्यात बसवते. 'समूहगायन, गाता न येणाऱ्यांसाठी.' शिकवणाऱ्याला विषय आतून माहीत असावा, एवढीच अट आहे."

सगळं गायनमंडळ माझ्याकडे वळलं. त्या चाळीस नजरांत एवढं एकमत मी कधी पाहिलं नव्हतं.

"आणि परीक्षा?" एल्वेडनं विचारलं. त्याचा आवाज बसला होता.

"वर्गात नाव असलं की झालं. वर्ग कसला, हे परीक्षावाले विचारत नाहीत."

एल्वेडनं परीक्षा दिली. आता तो दवाखान्यात यंत्रं सांभाळतो, आणि त्याची बायको कुंपणावरून मला काहीच विचारत नाही, नुसते केक देते. जागेसाठी मुलाखत घेणाऱ्यांनी म्हणे त्याला विचारलं होतं, की गायनाच्या वर्गात हे कसं शिकलात? तो म्हणाला, "आमचे सर फार वेगळे गातात."

गायनमेळ्याच्या दिवशी सात चॅपेलांची माणसं आमच्या चॅपेलात दाटली होती. पेटी ऑर्गनच्या जागी, नेरिसनं मुद्दाम आणून टांगलेल्या पणजोबांच्या फोटोखाली मांडलेली. मी बाजूला बसून शिष्यांना उठवत होतो. पाळकसाहेबांनी दोन शब्द बोलायला म्हणून सुरुवात केली; बोलणं लांबत गेलं, वर चढत गेलं, शिडात वारा भरला, आणि नेमक्या त्या क्षणी, जिथे बोलण्याचं गाणं होतं तिथे, मी बारावं यंत्र सुरू केलं. त्यांच्याखाली सूर असा येऊन ठेपला, की त्यांनी एकदा माझ्याकडे वळून पाहिलं आणि मग छपराकडे. सगळी माणसं उठली.

माझाही ऊर भरून आला. काही झालं तरी मी आता सरकारमान्य गायनशिक्षक होतो. मी उभा राहिलो, छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं. तेवढ्यात खांद्यावर छत्रीचं टोक टेकलं.

"इद्वल बाळा," टेग्वेनबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "वर्ग मिळाला, अभिनंदन. ओठच हलवायचे हं."

मी ओठ हलवले. माझ्या वतीनं बाराही जण गात होते, यहूदासुद्धा.